वेबसाईटचा मेनू सारखा तुटतोय? आधी फोल्डरं नीट लावा

दहावीचा निकाल लागला की लातूरला कॉलेजांची धावपळ सुरू होते आणि त्याच आठवड्यात माझाही फोन वाजायला लागतो. दोन वर्षांखाली एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला, "सर, ॲडमिशनवर दाबलं की मागच्या वर्षीचंच माहितीपत्रक उघडायलंय, तेवढं बदला की." मी होम पेजच्या मेनूत लिंक बदलली, अपलोड केली, तपासली, बरोबर होती. संध्याकाळी परत फोन. होमवरून गेलं की नवीन उघडतंय, पण वसतिगृहाच्या पानावरून गेलं की जुनंच. मग सगळी साईट उघडून बसलो तर ४६ पानं, आणि प्रत्येक पानात मेनू वेगळा चिकटवलेला. कुठं 'प्रवेश', कुठं 'ॲडमिशन', कुठं दोन्ही. त्या मधल्या दिवसांत एक पालक जुन्या माहितीपत्रकातली फी बघून तेवढेच पैसे जमवून खेड्यातून आले आणि त्यांना तसंच परत जावं लागलं. हे मला फार लागलं. तेव्हापासून कुठलीही साईट हातात आली की डिझाईनला नंतर हात लावतो, पहिलं फोल्डर बघतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे जे शाळा, कॉलेज, पतसंस्था, मंगल कार्यालय, दुकान असल्या साईट स्वतः सांभाळतात, म्हणजे साधं एचटीएमएल किंवा थोडं पीएचपी येतं आणि होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये जाऊन फायली टाकता येतात. वर्डप्रेस असेल तर मेनू आधीच एका जागी असतो, तुमचं अर्धं काम झालंय, पण पानाच्या पत्त्याबद्दल (म्हणजे यूआरएलबद्दल) खाली जे लिहिलंय ते तुम्हालाही तितकंच लागू आहे. फायलींची नावं मी वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच द्यायची, का ते पुढं येतंच.

मेनू वेगळा, फोल्डर वेगळं

बहुतेक जण काय करतात, मेनू जसा दिसतो तशीच फोल्डरं करतात. मेनूत 'आमच्याविषयी' खाली 'सुविधा' आणि त्याखाली 'वसतिगृह', म्हणून फोल्डरात फोल्डर त्यात फोल्डर. दिसायला छान दिसतंय. पण पुढच्या वर्षी प्राचार्य म्हणतात की वसतिगृह 'प्रवेश' खाली घ्या, पालक तिथंच शोधतात. आता फाईल हलवायची का? हलवली तर पत्ता बदलला, पत्ता बदलला की बाकीच्या पानांतल्या लिंका गेल्या, गुगलमधून येणारे गेले, आणि बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सवर जो क्यूआर कोड छापलाय तो पण गेला.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. समजा तुम्ही मराठवाड्यातल्या देवस्थानांची साईट केली आणि जिल्ह्याप्रमाणं फोल्डरं लावली. औंढा नागनाथ परभणीच्या फोल्डरात टाकलं असतं तर १९९९ ला हिंगोली जिल्हा झाल्यावर ते हलवावं लागलं असतं. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि त्या उस्मानाबादचं २०२३ मध्ये धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. या सगळ्यात औंढ्याचं देऊळ किंवा वेरूळची लेणी काही जागची हलली नाहीत, बदललं ते वरचं लेबल. म्हणून फोल्डर 'औंढा', 'वेरूळ', 'तुळजापूर' अशा न हलणाऱ्या गोष्टीच्या नावानं करायचं, आणि जिल्हा, प्रकार, क्रम हे सगळं मेनूत ठेवायचं. मेनू वर्षातून चारदा बदलला तरी चालतोय, पत्ता एकदा दिला की दिला.

आधी बॅकअप, मग यादी

सीपॅनलच्या फाईल मॅनेजरमध्ये पब्लिक एचटीएमएल, म्हणजे साईटच्या मुख्य फोल्डरची झिप करा, उतरवून घ्या, आणि ती उघडते का ते बघा. उघडून बघितल्याशिवाय बॅकअप झाला म्हणायचं नाही. डेटाबेस असेल तर त्याचाही एक्स्पोर्ट घ्या.

मग गुगल शीट उघडा आणि एकेक पान उतरवा. रकाने पाच पुरेत: सध्याचा पत्ता, पान कशाचं आहे, मेनूत कुठं आहे, माहिती कोण देतं, आणि नवा पत्ता. शेवटचा रकाना आत्ता रिकामा ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-तीन तास जातात, पण ते टाळून पुढं गेलात तर नंतर दोन-तीन दिवस जातील. मेनूत नसलेली पण सर्व्हरवर पडून असलेली पानंही यातच सापडतात. त्या कॉलेजच्या साईटवर मला इंडेक्स, इंडेक्स-जुना, इंडेक्स-नवीन, इंडेक्स-फायनल अशा चार फायली सापडल्या आणि चारही ब्राउजरमध्ये उघडत होत्या.

यादी झाली की प्रत्येक पानापुढं लिहा, हे कायमचं आहे, वर्षाला बदलणारं आहे का रोजचं आहे. संस्थेची माहिती, विभाग, वसतिगृह, संपर्क हे कायमचं. प्रवेश, फी, निकाल हे वर्षाचं. सूचना, बातम्या हे रोजचं. फोल्डरं ठरवताना ही खूण सगळ्यात जास्त कामाला येते.

फोल्डरं अशी लावा

मी त्या कॉलेजसाठी शेवटी जे केलं ते असं:

मुख्य फोल्डर (पब्लिक एचटीएमएल)
— इंडेक्स डॉट पीएचपी
— संस्था / इंडेक्स डॉट पीएचपी
— प्रवेश / इंडेक्स डॉट पीएचपी
— वसतिगृह / इंडेक्स डॉट पीएचपी
— विभाग / विज्ञान, वाणिज्य, कला (प्रत्येकात आपापली इंडेक्स)
— सूचना / २०२४, २०२५ (वर्षाप्रमाणं)
— कागदपत्रे / २०२४, २०२५ (सगळ्या पीडीएफ इथं)
— ॲसेट्स / सीएसएस, जेएस, फोटो
— भाग / हेडर, मेनू, फूटर

प्रत्येक पानाला स्वतःचं फोल्डर आणि त्यात इंडेक्स फाईल, असं का? कारण फोल्डरचा पत्ता मागितला की सर्व्हर त्यातली इंडेक्स आपोआप दाखवतो, म्हणून पत्ता फक्त 'स्लॅश प्रवेश स्लॅश' एवढाच राहतो, शेवटी डॉट एचटीएमएल किंवा डॉट पीएचपी येत नाही. उद्या एचटीएमएलवरून पीएचपीवर गेलात तरी पत्ता तोच, मेनूला हात लावायची गरज नाही.

दोन पातळ्यांच्या खाली जाऊ नका. तिसरं फोल्डर करावंसं वाटलं तर बहुतेक वेळा ती गोष्ट मेनूतली असते.

आता पीडीएफबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आमच्याकडच्या साईट इथंच अडकतात. मेनूतून थेट पीडीएफला लिंक कधीच देऊ नका. पीडीएफ दरवर्षी बदलते, तिचं नाव बदलतं, म्हणजे दरवर्षी मेनू बदलायला लागतो आणि एखादी जागा राहून जाते. मेनूतून 'प्रवेश' या पानाला लिंक द्या आणि त्या पानात सगळ्यात वर चालू वर्षाची पीडीएफ ठेवा, खाली जुन्या वर्षांच्या. कागदपत्रे फोल्डरात वर्षाचं फोल्डर आणि आत 'माहितीपत्रक डॉट पीडीएफ' असं सरळ नाव. जूनमध्ये फक्त नव्या वर्षाचं फोल्डर करायचं, फाईल टाकायची, प्रवेशच्या पानात एक ओळ वाढवायची. मेनू जिथल्या तिथं. ऑफिसातले क्लार्क पण हे शिकतात, त्या कॉलेजात आता तेच करतात, मला फोन येत नाही.

नावं देताना

सगळं लहान अक्षरात. आपल्या विंडोजच्या कॉम्प्युटरला मोठं ए आणि लहान ए सारखंच वाटतं, पण बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतंय आणि तिथं ती दोन वेगळी नावं आहेत. म्हणून घरी चालणारी लिंक अपलोड केल्यावर चालत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या शेवटचं जेपीजी बऱ्याचदा मोठ्या अक्षरात असतं, ते आधी बदलून घ्या.

शब्दांमध्ये मोकळी जागा सोडू नका, तिथं पत्त्यात %२० येतं. आडवी छोटी रेघ, म्हणजे हायफन वापरा.

मराठी अक्षरांत फाईलचं नाव द्यावं असं मलाही मनापासून वाटतं, आपली भाषा आहे. पण व्यवहारात अडचण आहे. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइटचं होतं आणि पत्ता कॉपी केला की एकेका बाइटचा तीन अक्षरांचा तुकडा होतो. 'शाळा' या शब्दात काने धरून चार चिन्हं, म्हणजे पत्त्यात ३६ अक्षरं. व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते. म्हणून फाईलचं नाव रोमनमध्ये, आणि मेनूत, शीर्षकात, मजकुरात सगळीकडं मराठी ठेवा. रोमनमध्ये 'ॲडमिशन' का 'प्रवेश' ते एकदाच ठरवा, दोन्ही नको.

मेनू एका फाईलीत

हे सगळ्यात महत्त्वाचं. भाग फोल्डरात मेनू नावाची एक पीएचपी फाईल करा आणि प्रत्येक पानात जिथं मेनू होता तिथं ती फाईल ओढून घेणारी इन्क्लूडची एक ओळ टाका. त्या ओळीत पत्ता डॉक्युमेंट रूटपासून द्या, म्हणजे सर्व्हरवरच्या मुख्य फोल्डरपासून. 'एक फोल्डर वर जा' असा दोन टिंबांचा पत्ता दिलात तर होम पेजवर एक आणि विभाग-विज्ञानच्या पानावर दुसरा द्यावा लागतो आणि पान हललं की इन्क्लूड तुटतो.

त्या मेनूच्या फाईलीत एचटीएमएल लिहीत बसण्यापेक्षा वरती एक यादी करा, म्हणजे ॲरे. प्रत्येक ओळीत दोनच गोष्टी, दिसणारं नाव आणि पत्ता, आणि खालचे उपमेनू असतील तर त्यांची छोटी यादी. खाली एक लूप, जो या यादीवरून मेनू छापतो. नाव बदलायचं, क्रम बदलायचा, वसतिगृह दुसऱ्याखाली न्यायचं, काही असो, फक्त यादीतली ओळ वरखाली करायची.

मोंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्राची साईट मी अशीच केलीय. पानं पिकाच्या नावानं आहेत, सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा, ज्वारी. मेनूच्या यादीत जूनमध्ये वर खरीप आणि त्याखाली सोयाबीन, तूर, कापूस. ऑक्टोबर आला की रब्बी वर घेतो, हरभरा आणि ज्वारी पुढं. दोन मिनिटांचं काम. तुरीच्या पानाचा पत्ता तोच राहतो, शेतकऱ्यानं मागच्या वर्षी मोबाईलमध्ये सेव्ह केलेली लिंक याही वर्षी चालते.

मेनूची फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि बीओएम (फाईलीच्या सुरुवातीला लागणाऱ्या तीन लपलेल्या बाइट) नको असं निवडा. बीओएम राहिला तर पानाच्या वर विनाकारण पांढरी पट्टी येते किंवा लॉगिनसारख्या गोष्टी अडतात आणि कारण डोळ्याला दिसत नाही, कारण ती तीन बाइट एडिटरमध्ये दिसतच नाहीत.

पीएचपी नसेल तर? गिटहब पेजेस या होस्टिंगवर पीएचपी चालत नाही, तिथं जेकिल, ह्यूगो किंवा इलेव्हंटी असलं साईट तयार करून देणारं साधन वापरा, त्यांची पद्धत हीच, मेनू एका फाईलीत आणि पानं त्यावरून तयार होतात. काही जण जावास्क्रिप्टनं मेनू भरतात. मी तो शेवटचा पर्याय मानतो, कारण खेड्यात नेट अडखळलं की पान दिसतं आणि मेनूच येत नाही, माणूस तिथंच अडकून बसतो.

स्लॅशची गोष्ट

मेनूतले सगळे पत्ते स्लॅशनं सुरू करा, सीएसएस आणि फोटोंचेही. '/प्रवेश/' असं लिहिलं की माणूस कुठल्याही पानावर असो, मुख्य फोल्डरपासूनच शोध सुरू होतो. स्लॅश न देता नुसतं 'प्रवेश/' लिहिलं तर वसतिगृहाच्या पानावरून ते 'वसतिगृह/प्रवेश/' होतं आणि ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' येतं. मेनू एका फाईलीत आणल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांचं हेच चुकतं.

आणि मग दुसरी अडचण येते, घरच्या कॉम्प्युटरवर फाईल डबल क्लिक करून उघडली की सगळं मोडलेलं दिसतं, रंग नाहीत, फोटो नाहीत. कारण तिथं त्या पहिल्या स्लॅशचा अर्थ तुमची हार्डडिस्क असा होतो. घाबरू नका, साईट बरोबर आहे. घरी बघायला छोटा सर्व्हर लागतो. पीएचपी असेल तर झॅम्प (घरच्या कॉम्प्युटरवर पीएचपीचा सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, नुसतं एचटीएमएल असेल तर व्हीएस कोडमधलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन पुरतं. झॅम्पमध्ये एचटीडॉक्स या त्याच्या मुख्य फोल्डरच्या आत साईटचं वेगळं फोल्डर केलंत तर स्लॅश परत चुकतो, म्हणून व्हर्च्युअल होस्ट करा, म्हणजे त्या फोल्डरलाच साईटचं मुख्य फोल्डर ठरवा, किंवा टर्मिनलमध्ये साईटच्या फोल्डरात जाऊन पीएचपीचाच आतला सर्व्हर चालवा. गिटहब पेजेसवर प्रोजेक्टची साईटही अशीच उपफोल्डरात बसते, तिथं सुरुवातीला प्रोजेक्टचं नाव जोडावं लागतं.

आपण कुठं आहोत ते दाखवा

ज्या पानावर आहोत ते मेनूत ठळक दिसायला पाहिजे. जुन्या पद्धतीत प्रत्येक पानात हातानं 'ॲक्टिव्ह' क्लास लावायचे, आता लूपमध्येच चालू पत्ता आणि यादीतला पत्ता जुळवून बघा. चालू पत्त्यातला प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग आधी काढून टाका, नाहीतर फेसबुकवरून शेपूट लागलेला पत्ता आला की काहीच जुळत नाही. उपपानावर असताना वरचा मेनूही ठळक करायचा असेल तर 'पत्ता यानं सुरू होतो का' असं तपासतात, पण होमचा पत्ता नुसता '/' आहे आणि प्रत्येक पत्ता स्लॅशनंच सुरू होतो, म्हणून होम कायम ठळक राहतं. होमसाठी तंतोतंत जुळणीच ठेवा. आणि जुळलेल्या लिंकला 'एरिया-करंट' हा गुणधर्म 'पेज' अशी किंमत देऊन लावा, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते लोक पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात, त्यांना त्यामुळं कळतं की आपण कुठं आहोत. एक ओळ लागते, टाळू नका.

जुने पत्ते वाऱ्यावर सोडू नका

आता शीटमधला तो रिकामा पाचवा रकाना भरा आणि प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणी लावा. अपाची किंवा लाइटस्पीडच्या होस्टिंगवर मुख्य फोल्डरात डॉट एचटीॲक्सेस नावाची फाईल असते, तिच्यात एका ओळीत रिडायरेक्ट, मग ३०१, मग जुना पत्ता, मग नवा पत्ता. एनजिनएक्सवर ही फाईल चालत नाही, तिथं होस्टिंगवाल्याला सांगून करून घ्या.

तपासताना आधी ३०२ लावा, म्हणजे तात्पुरतं. ३०१ म्हणजे कायमचं, ब्राउजर ते लक्षात ठेवतो, आणि चुकीचा पत्ता लिहून बसलात तर दुरुस्त केल्यावरही तुमच्या ब्राउजरला जुनंच आठवत राहतं. सगळं बरोबर दिसलं की मग ३०१ करा. अजून एक, नवा पत्ता जुन्याच पत्त्याच्या आत असेल, म्हणजे 'प्रवेश' वरून 'प्रवेश/नवीन' असं, तर ते गोलगोल फिरत राहतं आणि ब्राउजर एरर देतो, कारण रिडायरेक्टची ओळ आतल्या पत्त्यालाही लागू होते. या ओळी वर्ष झालं म्हणून काढून टाकू नका. त्यांचा भार काही नसतो, आणि कुणाच्या तरी छापील पत्रकावर जुना पत्ता अजून असतोच.

जुन्या फायली मात्र सर्व्हरवरून काढा. त्या 'इंडेक्स-फायनल' सारख्या फायली पडून राहिल्या की गुगल त्याच दाखवत राहतो.

चढवायचं कधी आणि तपासायचं कसं

प्रवेशाच्या किंवा निकालाच्या आठवड्यात हे काम अजिबात काढू नका. मी दिवाळीच्या सुट्टीत करतो, रात्री. आधी उपडोमेनवर पूर्ण साईट लावून बघतो, मग मुख्य जागी.

तपासायला स्क्रीमिंग फ्रॉग हे साईटच्या सगळ्या लिंका तपासणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकटच्या आवृत्तीत ५०० पत्त्यांपर्यंत तपासता येतं, आपल्याकडच्या शाळा-कॉलेजला ते भरपूर झालं. ४०४ चा कॉलम रिकामा होईपर्यंत काम सोडू नका. नंतर गुगल सर्च कन्सोलमध्ये नवा साईटमॅप (साईटच्या सगळ्या पत्त्यांची यादी) द्या आणि दोन-तीन आठवडे 'सापडलं नाही' वाली यादी बघत राहा, विसरलेले जुने पत्ते तिथं वर येतात. आणि स्वतःच्या लॅपटॉपवर बघून समाधान मानू नका, साध्या अँड्रॉइड मोबाईलवर, वायफाय बंद करून, सगळ्यात आतल्या पानावरून सुरुवात करून मेनूतली प्रत्येक लिंक बोटानं दाबून बघा. ऑफिसातून "जुनंच दिसायलंय" असा फोन आला तर पहिलं कंट्रोल आणि एफ५ दाबायला सांगा. त्यानं झालं तर कॅश होती, म्हणजे ब्राउजरनं साठवलेली जुनी प्रत. सीएसएस बदलली असेल तर तिच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून आवृत्तीचा आकडा वाढवा, मग सगळ्यांना नवीन दिसतं.

शेवटचं काम एका साध्या टेक्स्ट फाईलीचं. कुठलं फोल्डर कशाचं, मेनूची यादी कुठं आहे, नवीन पीडीएफ कशी टाकायची, नावं कशी द्यायची, हे सगळं मराठीत, वीस-पंचवीस ओळींत लिहा. उद्या तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात तर तुमच्या जागी येणाऱ्या पोराला ही फाईल सापडली पाहिजे. तिची एक प्रिंट काढून ऑफिसच्या फाईलला लावा, आणि सर्व्हरवरची प्रत पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर ठेवा, आत ठेवली तर ब्राउजरमधून कुणीही उघडून वाचू शकतं.